हातावरून हात नको

मंगळवार, २८ डिसेंबर १९८२

ही डायरी औषधांच्या दुकानात फुकट मिळाली. आहे पुढच्या वर्षाची, पण मला तोवर थांबायला वेळ नाही, म्हणून सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर आजच लिहिते. मी लिहिणारी बाई नव्हे. शाळा चौथीत सुटली. त्यानंतर लिहिलं ते किराणा आणि कारखान्यात कोटाच्या बाह्यांची मापं. पण माझ्या धाकट्या बहिणीला, ल्यूसिलला, इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरने विचारलं होतं, "हे कधीपासून?" आई म्हणाली ईस्टरपासून. मी म्हटलं त्याच्याही आधीपासून. मग आम्ही तिथेच भांडलो आणि डॉक्टरने पेन खाली ठेवलं. बायकांच्या तोंडावर डॉक्टरचा विश्वास नसतो, तारखेवर असतो. या वेळी माझ्याकडे तारखा असतील.

या वेळी म्हणजे माझी मुलगी, मारिएल. सव्वीस वर्षांची. ल्यूसिलही तेव्हा सव्वीसचीच होती.

आज सकाळी स्वयंपाकघराच्या काचेवर आतून बर्फ धरला होता. त्यावर नखाने डोंगर काढलेले. एक उंच डोंगर. मग तीन बुटके, ओळीने. मग एक बुटका, एक मोठा. मग दोन शेंड्यांचा एक मोठा. सगळे जमिनीवरून चढून जमिनीवरच उतरणारे, एकही जमिनीखाली जात नाही. त्यांच्याखाली चंद्रकोरी, एकमेकींकडे तोंड करून. त्यांच्याखाली उलटी झाडं, मुळं वर. आणि सगळ्यात खाली आकडे: १, १, २, ५, १४, ४२.

एक दोनदा. गणितात पदक मिळवलेली, विद्यापीठात गणितच करणारी मुलगी, आणि एक दोनदा लिहिते. डोंगरांचं मी समजू शकते, माणूस हात चाळवतो. तो दुसरा एक मला समजेना. केटली उकळून वाफ काचेवर धरली आणि पुसून टाकलं.

मारिएल उठून आली. "आई, तू पुसलंस?"

"खिडकी आहे ती, फळा नाही."

"बरं," म्हणाली, आणि पावाला काकवी लावून खात बसली. रागावलीसुद्धा नाही. मला ते आवडलं नाही.

शनिवार, १ जानेवारी १९८३

सहा जण होतो. मी, मारिएल, माझा दीर रोझेर आणि त्याची बायको, खालच्या मजल्यावरची जॉर्जेट आणि तिचा बहिरा नवरा. खिम्याची तुर्तिएर खालून जळली. कोणी बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं.

डॉक्टरला कळावं म्हणून आमच्या घरची रीत लिहिते. आईच्या गावाकडून आलेली. नवीन वर्षाच्या दिवशी सूप वाढायच्या आधी सगळ्यांनी टेबलाभोवती उभं राहायचं आणि एकाच वेळी प्रत्येकाने एकेकाचा हात धरायचा. शेजारच्याचा धरा, समोरच्याचा धरा, पण कोणाच्या हातावरून कोणाचा हात जाता कामा नये. गेला तर टेबलावरचं एक माणूस पुढच्या वर्षी तिथे नसतं. लोक हसतात. हसू देत. माझा नवरा आर्मां, त्याच्या शेवटच्या वर्षी रोझेर ढोसून आला होता, त्याचा हात आमच्या दोघांच्या हातांवरून गेला. त्याच वर्षी गोदीत आर्मांच्या अंगावर पेटी कोसळली. मी रोझेरला त्याबद्दल एक शब्द बोललेले नाही. म्हणून तो थट्टा करतो.

"वहिनी, तुमच्याकडे हात मिळवायचा तर वाहतूक पोलीस लागतो."

"तुझ्यापुरताच लागतो," मी म्हटलं.

मारिएल म्हणाली, "काका, अवघड नाही. सहा जणांना न ओलांडणाऱ्या पाच रीती आहेत. एकूण पंधरा, पण बाकीच्या दहांत कुठेतरी ओलांडतंच."

जॉर्जेटला कोणी काही मोजलेलं सांगितलं की पटत नाही. "पाचच? दाखव बघू."

मारिएलने चमचे घेतले. सहा ताटल्यांच्या मध्ये तीन चमचे, या ताटलीपासून त्या ताटलीपर्यंत. एक रीत, दुसरी रीत, पाचही दाखवल्या. तिथे थांबायचं की नाही? नाही. "आणि या चुकीच्या," असं म्हणत तिने एका चमच्यावर दुसरा आडवा ठेवला. नवीन वर्षाच्या टेबलावर. सूपच्या आधी.

मी हाताने सगळे चमचे लोटून दिले. एक जॉर्जेटच्या मांडीवर पडला. तिच्या नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" ती त्याच्या कानात ओरडली, "काही नाही, बस आणि जेव!"

मग हात धरले. कोणी कोणाचा धरायचा ते मीच सांगितलं. एकही ओलांडला नाही. पण चमचे ओलांडले होते. चमच्यांचं धरतात का? फादरना विचारायची सोय नाही, ते या रीतीवरच चिडतात.

भांडी पुसताना मारिएल म्हणाली, "आठ जण असते तर चौदा रीती, आई. दहा असते तर बेचाळीस." जणू दुधाचा भाव सांगतेय. चौदा. बेचाळीस. काचेवरचे आकडे. माझ्या हातून कप निसटला. फुटला नाही.

मंगळवार, ११ जानेवारी

माझा शिवणाचा खडू सापडेना. मारिएलच्या पलंगावर सापडला. गोधडीसाठी मी सहाकोनी तुकडे कापून ठेवले होते, ते तिने चादरीवर मांडलेले, आणि प्रत्येकावर कोनापासून कोनापर्यंत तीन-तीन रेघा. प्रत्येक तुकड्याची तिकोनी शकलं, पण दर तुकड्याची वेगळी.

"हे काय?"

"चौदा," ती म्हणाली.

"मी आकडा विचारला का?"

"नाही गं. म्हणजे सहा कोनांच्या तुकड्याची तिकोनं करायच्या चौदा रीती. टेबलावर आठ माणसांचे हात, चौदा. काचेवरचे डोंगर, चार चढ चार उतार, चौदा. आई, सगळं एकच आहे!"

मी दाराची चौकट धरली.

ल्यूसिल हेच म्हणाली होती. याच शब्दांत. आईच्या घरी, चुलीशी उभी राहून. दिव्याचा खांब, वाटाण्याचं सूप, फादरचा डगला, रेडिओत बोलणारा माणूस. "योलांद, सगळं एकच आहे." मी म्हटलं होतं, "हात धू आणि जेवायला बस." ती बसली नाही. पुढे महिन्याभरात पांढऱ्या कपड्यातली दोन माणसं घराबाहेरचा जिना चढून आली. ल्यूसिलने लोखंडी कठडा धरून ठेवला होता, उघड्या हातांनी, जानेवारीत. कातडी गोठलेल्या कठड्याला चिकटून राहिली.

तारीख लिहिली आहे वर. अकरा जानेवारी.

बुधवार, १२ जानेवारी

कारखान्यातून इस्पितळाला फोन केला. मुकादम डोळे वटारत होता, मी पाठ फिरवली. ल्यूसिलच्या वॉर्डातलाच डॉक्टर, नवा आहे. त्याची सेक्रेटरी म्हणाली, "मुलीला घेऊन या. शुक्रवार, १८ मार्च, सकाळी दहा."

"मार्च? अहो, तातडीचं आहे."

"बाई, इथे सगळ्यांचं तातडीचंच असतं."

बुधवार, १९ जानेवारी

जॉर्जेट सांगते, मारिएल बसमध्ये हसत होती. एकटी.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

मी सूप ढवळत होते. मारिएल आली, कोटही न काढता म्हणाली, "आई, तारीख ठरली. माझ्या प्रबंधाची शेवटची परीक्षा. सगळ्यांसमोर, फळ्यापाशी. बोर्दोहून एक मोठे गणिती येणार आहेत. त्यांना पटलं तर ते मला दोन वर्षांसाठी तिकडे नेतील."

"तिकडे म्हणजे फ्रान्सला?"

"बोर्दो फ्रान्समध्येच आहे, आई. अजून हलवलेलं नाही."

"परीक्षा कधी?"

"अठरा मार्च. सकाळी दहाला."

मी मीठ घातलं. मग पुन्हा घातलं. सूप फेकून द्यावं लागलं.

हे उगाच होत नाही. सेंट ॲनने तारीख तारखेवर आणून ठेवली आहे. या डोक्याने ती समुद्रापार गेली आणि तिकडे एकटीने कठडा धरला तर तिचे हात सोडवायला कोण आहे?

रविवार, १३ फेब्रुवारी

ल्यूसिलला भेटून आले. नाताळच्या पेटीबरोबर चिठ्ठी पाठवते दरवर्षी. आत जाऊन बसणं होत नाही. आज मला काम होतं. मारिएलने ज्यावर डोंगर आणि चंद्रकोरी काढल्या होत्या ती किराण्याची कागदी पिशवी घडी करून नेली. रोगाला रोग ओळखता येतो, असं मला वाटलं. तिने पाहून मान हलवली की मला कळणार होतं.

ती खिडकीपाशी बसली होती. केस कापलेले. तळवे अजून चकचकीत आहेत, जिथे कातडी गेली तिथे.

मी पिशवी पुढे धरली. "हे बघ. हे तुझ्यासारखं आहे का?"

तिने खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मला नाही कळत. तुला कळतं?"

"नाही."

"मग कोणाला कळतं?"

"मारिएलला. ती म्हणते सगळं एकच आहे."

ल्यूसिलने पिशवी परत दिली, कोपऱ्याला धरून, जणू ओली आहे. "मी म्हणायचे तसं," ती हळूच म्हणाली. "फार भीती वाटायची तेव्हा. आता नाही म्हणत. आता गोळी घेते. आता काहीच वाटत नाही." मग विचारलं, "तू मला न्यायला आलीस का, योलांद?"

मी म्हटलं, बस चुकेल. बस चुकणार नव्हती.

बसमध्ये एक गोष्ट डोक्यातून जाईना. ल्यूसिल ते वाक्य म्हणायची तेव्हा दात वाजायचे तिचे. मारिएल म्हणाली तेव्हा सफरचंद खात होती. याचा अर्थ काय ते मला माहीत नाही. डॉक्टरसाठी लिहून ठेवते.

रविवार, २७ फेब्रुवारी

सांगितलं. खोटं सांगितलं. छातीत दुखतं, मोठ्या इस्पितळात दाखवायचंय, एकटी जाऊ शकत नाही, तारीख अठरा मार्च, दहा. मला वाटलं होतं ती भांडेल. रोझेर काकाला ने म्हणेल, जॉर्जेटला ने म्हणेल. मग मी रडणार होते. तयारी केली होती.

ती म्हणाली, "कधीपासून दुखतंय? आधी का नाही सांगितलंस?" आणि माझ्यासमोर प्राध्यापक द्यूफ्रेनना फोन लावला, तेच तिचे मार्गदर्शक. तिकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. मारिएल एवढंच म्हणत होती, "हो सर. कळतंय सर. ते पुढच्या वर्षी येणार नाहीत, माहीत आहे. ती जागा दुसऱ्याला जाईल, हो. माझी आई आहे, सर."

फोन ठेवला आणि माझ्यासाठी दूध तापवायला गेली.

देवा, मी तिच्या भल्यासाठीच करतेय ना?

शुक्रवार, ४ मार्च

ती मला बादली उचलू देत नाही. कारखान्यातून येते तेव्हा बाहेरच्या जिन्यावर मीठ टाकलेलं असतं, मी घसरू नये म्हणून. आज काचेवर पुन्हा बर्फ धरला होता.

कोरा. एक रेघ नाही.

सोमवार, ७ मार्च

जॉर्जेट वर आली. "काय गं, मरायला टेकलीस म्हणे? तीन लाद्या पाव बगलेत मारून जिना चढताना पाहिलं तुला काल."

"छातीचं आहे. दिसत नाही."

"तुझ्या छातीत काय आहे ते मला माहितेय. पोरगी जाईल म्हणून गळा धरलायस तिचा."

मी तिला जा म्हटलं. ती गेली, पण माझी कात्री घेऊन गेली. द्यायची राहिली म्हणेल.

गुरुवार, १० मार्च

सगळं लिहिते.

मारिएल आज टेबलापाशी बसली होती. समोर काही नाही, कागद नाही, पेन्सिल नाही. हात मांडीवर, स्वच्छ. "काय करतेस?" विचारलं तर म्हणाली, "काही नाही, आई. तुला काही हवंय?" आवाज गुळगुळीत. खिडकीपाशी बसलेली ल्यूसिलच समोर दिसली मला. इस्पितळाने ल्यूसिलला जशी शांत केली तशीच ही बसली होती, आणि अजून तर मी हिला नेलंही नव्हतं. हे मीच केलं होतं, घरात, एका खोट्याने.

म्हटलं, "माझी छाती दुखत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दुखत नाही. तुला डॉक्टरकडे न्यायचं होतं. ल्यूसिलच्या."

तिला समजेना. मग समजलं. उठून उभी राहिली तेव्हा खुर्ची मागे पडली. "तू मला ल्यूसिल मावशी समजलीस? इतके दिवस? मी माझी परीक्षा... मी बोर्दो सोडलं तुझ्यासाठी! आणि तू माझ्यावर पाळत ठेवत होतीस?"

"तारखा लिहून ठेवत होते."

"तारखा!" ती ओरडली. खालून जॉर्जेटने छताला झाडू ठोकला. मारिएलने पायाने जमीन ठोकली. "ओरडू दे मला, जॉर्जेट मावशी! वेडी आहे मी, आईने ठरवलंय!"

मग खाली बसली, जमिनीवरच, आणि रडली. मी उभी होते. मला जवळ जायची भीती वाटली. माझ्याच मुलीची.

रडता रडताच ती म्हणाली, "मलाही वाटते."

"काय?"

"भीती. दोन गोष्टी जुळल्या, आकडा तोच आला, की मला पहिल्यांदा आनंद नाही होत, आई. पहिल्यांदा मावशी आठवते. लहान होते, पण तो जिना आठवतो मला. दर वेळी वाटतं, हे खरंच एक आहे, की मलाच फक्त तसं दिसतंय?"

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. "मग काय करतेस?"

"दुसऱ्याला सांगते. पायरीपायरीने. त्याला माझ्याशिवाय तिथवर चालत येता आलं पाहिजे. आलं तर खरं. नाही आलं तर फाडून टाकायचं. म्हणून तर ती परीक्षा." नाक पुसलं. "मावशीला कोणी विचारलं होतं का, कसं एकच ते?"

मी म्हटलं होतं, हात धू आणि जेवायला बस.

मी खुर्ची उचलली, बसले, आणि म्हटलं, "मग मला सांग. कसं एकच?"

तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग सहा बटाटे आणून टेबलावर गोल मांडले.

"ही माणसं. दारापासून सुरू कर आणि गोल फिर. ज्याचा हात पहिल्यांदा लागला, तो चढ. त्याने धरलेल्याचा हात लागला की उतार. हाताचं एक टोक चढ, दुसरं उतार. फिरून आलीस की डोंगर तयार. हात वेगळे धरले तर डोंगर वेगळा. हातांचा एक डोंगर, डोंगराचे एकच हात. शिल्लक कोणी उरत नाही."

मी बोटाने फिरले. चढ, चढ, उतार, चढ, उतार, उतार. मोठ्या डोंगरावर दोन शेंडे. काचेवर पाहिला होता मी हा. पुसला होता.

"आता मोजायचं कसं? दारापाशी बसलेल्याने कोणाचा हात धरला ते बघ. त्या हाताने टेबल दोन भागांत तुटलं. या बाजूच्यांना त्या बाजूच्यांचा हात धरता येणार नाही, ओलांडेल. म्हणजे या बाजूला एक लहान टेबल, त्या बाजूला एक लहान टेबल. त्यांचंही तसंच. टेबलात टेबल, त्यात टेबल."

"आणि शेवटी?"

"शेवटी रिकामं टेबल. त्याची एक रीत."

"रिकाम्या टेबलाची कसली रीत? कोणीच नाही तर."

"कोणीच नाही, म्हणून कोणी कोणाला ओलांडत नाही. ती एक. मग दोन माणसांची एक. म्हणून एक दोनदा येतो."

मला समजलं असं म्हणणार नाही. पण एक दोनदा का, ते कळलं. आणि दुसरंही एक कळलं, ते तिला नाही सांगितलं. दारापाशी ती बसली आहे. तिने लांबचा हात धरला की टेबल तुटणार, आणि मी या बाजूला. या बाजूला माझ्याशिवाय कोण आहे?

शुक्रवार, ११ मार्च

कारखान्यातून प्राध्यापक द्यूफ्रेनना फोन केला. "मी मारिएलची आई. मला काही झालेलं नाही. ती येणार आहे अठराला. जागा दुसऱ्याला दिली असेल तर परत घ्या."

ते म्हणाले, "मादाम, मी अजून बोर्दोला कळवलंच नव्हतं."

"मग चांगलं केलंत," मी म्हटलं आणि ठेवला. मुकादम म्हणाला, फोनचे पैसे कापू का? कापा म्हटलं.

मग इस्पितळाला. तारीख रद्द. सेक्रेटरी म्हणाली, आता पुढची मे महिन्यात. म्हटलं, "नको. पण माझी बहीण तुमच्याकडे आहे. तिला एका दिवसासाठी घरी नेता येतं का?" विचारून तर बसले. मग हात गार पडले.

शुक्रवार, १८ मार्च

मागच्या रांगेत बसले. सगळे स्वेटर घातलेले पुरुष, एकाच्या कोपराला भोक. मारिएलने फळ्यावर गोल काढला, त्यावर सहा ठिपके, आणि म्हणाली, "माझ्या आजीच्या घरी नवीन वर्षाला एक रीत आहे." माझे कान तापले. कोणी हसलं नाही. मग पुढे अक्षरंच अक्षरं आली, त्यातलं मला काही कळलं नाही. मी तिच्या हातांकडे बघत होते. थरथरतात का.

बोर्दोच्या माणसाने काहीतरी विचारलं. मारिएल फळ्याकडे बघत राहिली, खडू धरून, पाठमोरी. हीटर टकटक करत होता. मी उठून उभी राहिले. का, ते माहीत नाही. कदाचित तिला घरी न्यायला.

मग ती वळली. "नाही, तिथे माझं चुकतंय. थांबा." अर्धा फळा पुसला आणि पुन्हा मांडलं. बोर्दोचा माणूस मान हलवत होता, पायरीपायरीने, तिच्या मागे मागे चालत आल्यासारखा. मी बसले.

पास झाली. सगळे एकदम पुढे आले, सगळ्यांचे हात एकदम तिच्याकडे आणि एकमेकांकडे, द्यूफ्रेन साहेबांचा हात बोर्दोवाल्याच्या हातावरून जायला निघाला, आणि मी ओरडले, "हातावरून हात नको!"

सगळे थिजले. हात हवेत.

"सर," मारिएल म्हणाली, "आईचं ऐका." आणि ते मोठे मोठे लोक रांग लावून एकेक करून हात मिळवायला लागले. हसत होते. हसू देत.

सोमवार, २९ ऑगस्ट

गेली. विमानतळावर हात धरला नाही, मिठी मारली. मिठीत हात ओलांडतात का ते बघितलं नाही. गोधडी तिच्या पेटीत आहे, चौदाही तुकडे, तिच्या रेघांवरूनच शिवलेले.

घरी आले. टेबल पुसलं. पुसलेलंच होतं.

रविवार, १ जानेवारी १९८४

रोझेर आणि त्याची बायको तिच्या माहेरी. जॉर्जेटचा नवरा तापाने पडलाय. मारिएलचं पत्र आलं, तिकडे बर्फ पडत नाही, नुसता पाऊस.

इस्पितळात सही करून ल्यूसिलला आणली. संध्याकाळी सहाच्या आत परत. जिन्यावर मी मीठ टाकून ठेवलं होतं, आणि कठड्याला वरपासून खालपर्यंत जुन्या कोटाची लोकर गुंडाळली होती. ती पाहून थांबली. मला वाटलं आता वळेल. धरून चढली.

कोट काढेना. कोटातच बसली. मी दोन वाडगे ठेवले. रात्रीपासून ठरवत होते की हे करायचंच नाही, सरळ वाढायचं. पण रीत म्हणजे रीत. उभी राहिले. तीही उठली, तिला आठवत होतं.

"किती जण?" तिने विचारलं.

"आपण दोघीच. दोघींची एकच रीत आहे, चुकायला जागाच नाही. मारिएल म्हणते."

ल्यूसिलने विचार केला. मग तिने हात पुढे केले. एक नाही, दोन्ही, आणि उजवा डाव्यावरून ओलांडून. चकचकीत तळवे वर.

हे मारिएलच्या मोजणीत नाही. तिचे हात सोडवून सरळ करता आले असते. मागेही दोन माणसांनी तिचे हात सोडवले होते.

मी दोन्ही धरले, होते तसेच.

"गार आहेत तुझे," ती म्हणाली.

"भीती वाटतेय," मी म्हटलं. "बस. सूप घे."